सासरचं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरानं करायचं आणि दुसरं सासरनं, ही आपल्याकडची जुनी वाटणी. शेताच्या वाटण्या कोर्टात जातात, सीमेची वाटणी अजून धुमसते आहे, पण ह्या वाटणीवर कुणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. माहेरानं पोरगी बाळासकट धडधाकट परत धाडायची, सोबत पाळणा, कुंच्या, दुपट्टी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. सासरनं डबा उघडून बघायचा, नाक मुरडायचं आणि सून ताब्यात घ्यायची. दुकानातून आणलेला मिक्सर चालला नाही तर माणूस दुकानदाराच्या उरावर बसतो. सून चालली नाही तर माहेराच्या. विजयश्री बिघडून आली होती आणि हे तिनं सासरी चार वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं.

तिचं माहेर देवणीकडचं, म्हणजे महाराष्ट्रातलं. सासर कमलनगरजवळच्या खेड्यातलं, म्हणजे कर्नाटकातलं. नवरा शिवराज. कमलनगरात त्याचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. सासरे वारलेले, घरात सासू राजूबाई आणि विजयश्रीची पोरगी स्नेहा. खाऊनपिऊन सुखी घर, असं सोयरीक जमवणाऱ्यानं सांगितलं होतं. खाण्यापिण्याबद्दल तो खोटं बोलला नव्हता.

स्नेहाच्या वेळी कळा सकाळी सुरू झाल्या आणि दिवसभर चालल्या. दवाखाना खाजगी होता, नाव मोठं होतं, डॉक्टर मात्र शेवटी शेवटी उगवला. तोवर दोन मदतनीस बायकांचं राज्य. एक बाई मांडीवर चापट्या मारत होती आणि विचारत होती, "तवा ग्वाड वाटलं, आता कामून वरडायलीस?" ह्यावर दुसरी हसली. हसून झाल्यावर ती स्टुलावर चढली, कोपरापासून हात आडवा धरला आणि सगळा भार विजयश्रीच्या पोटावर टाकला. एकदा नाही, परत परत. तिच्या तोंडाला मिश्रीचा वास होता आणि तिचा घाम विजयश्रीच्या गळ्यावर ठिबकत होता. भार टाकता टाकता ती दुसरीला विचारत होती की उदगीरच्या सेलात साड्या खरंच चांगल्या आहेत का. पोरगी बाहेर आली. तिच्याबरोबर आत कुठंतरी काहीतरी फाटल्याचं विजयश्रीला कळलं होतं, पण तिला कोण विचारतंय?

पुढं माहेरचे लाड. बाजेखाली निखारे, कढत पाण्याच्या आंघोळी, पोटाला करकचून बांधलेलं लुगडं. बाराव्या दिवशी विहीर पुजायची आणि भरलेली घागर कमरेवर घेऊन घरी यायचं. त्या गल्लीत बाळंतिणीची परीक्षा त्या घागरीवर व्हायची. घागर न डुचमळता आणली की बायका म्हणायच्या, पोरीत जोर हाय. विजयश्रीनं न डुचमळता आणली. सगळ्यांनी कौतुक केलं, ओटी भरली. सव्वा महिना झाला न झाला तोच आईच्या म्हशींचं वैरणपाणी तिच्याकडं आलं, कारण आईचा गुडघा धरला होता.

आणि मग एका सकाळी न्हाणीत उकिडवी बसली असताना हाताला काहीतरी लागलं. मऊ, ओलं, कोमट. आपलंच, पण कधी हाताला न लागलेलं. तिला वाटलं आतडं सुटलं. ती ओरडली तशी आई धावत आली, वाकून बघितलं आणि सगळ्यात आधी न्हाणीचं दार लावून घेतलं.

"अंग आलंय भायेर," आई म्हणाली. गर्भाशय खाली सरकून बाहेर यायला लागलं की आपल्याकडच्या बायका असंच म्हणतात. डॉक्टरचं नाव आईनं काढलं नाही. ती म्हणाली, "सासरी बोलू नको बाई. पयलं बाळंतपन आमचं. पोरगी बिघडवून धाडली म्हनतील. तुझ्या धाकट्या भैनीला कोन करून घेईल?"

विजयश्री बोलली नाही. तिथंच तिची चूक झाली असं आता म्हणता येईल, पण म्हणणाऱ्यानं आधी आपली धाकटी बहीण उजवायची ठेवून बघावी.

मग चार वर्षं. उभं राहिलं की खाली ओढ, बसलं की टोचणी. संध्याकाळ झाली की परकराला घासून घासून ते सोलवटायचं आणि त्याला पाणी सुटायचं. त्या पाण्याला वास. ती आपले परकर वेगळे धुवायची, आतल्या दोरीवर साडीखाली वाळत घालायची. शिंकलं की लघवी निसटायची. लघवीला बसलं की ते बोटानं आत सारल्याशिवाय लघवी सुटायची नाही. लग्नाच्या पंगतीत बायका मांडी घालून तासभर बसायच्या. ही वाढायला उभी राहायची आणि कामसू म्हणून नाव मिळवायची. तिला स्वतःचा तिटकारा आला होता. अगदी मनापासून. उन्हाळ्यात बसमधे शेजारी बाई बसली की ती खिडकीकडं सरकायची, आपला वास दुसऱ्याच्या नाकात जाऊ नये म्हणून.

शिवराजला कळलं नव्हतं का? कळलं होतं. अंधारात एकदा तो थबकला होता आणि म्हणाला होता, "काय लागायलंय हे?" तो उठून बाहेर गेला, परत आला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. सकाळी डबा घेताना खाली मान घालून म्हणाला, "जरा स्वच्छ राहत जा." एवढंच. दुखतंय का, काय झालंय, एक शब्द नाही. बरं, किळस आली तर आली, मग लांब तरी राहायचं! तेही नाही. महिना दोन महिने गेले की त्याची किळस आपोआप उतरायची आणि भूक भागली की परत चढायची. विजयश्रीला त्याच्या किळशीपेक्षा ह्या भुकेची शिसारी जास्त होती. तिला परत दिवस गेले ते ह्याच भुकेतून.

गंमत बघा, पोट वाढायला लागलं तसं अंग आपोआप वर ओढलं गेलं. पाचव्या महिन्यात तर ते नावालाही हाताला लागेना. चार वर्षांत पहिल्यांदा ती मांडी घालून पोटभर जेवली. पण ती काही खुळी नव्हती. पोट रिकामं होणार, आणि होताना ते परत त्याच टेबलावर होणार, हे तिला ठाऊक होतं.

बिदरची डॉक्टरीण शिवराजनंच शोधली होती. पहिल्या वेळी तो खुर्चीत पुढं बसला आणि सगळी उत्तरं त्यानंच दिली. पहिली डिलिवरी? नॉर्मल. काही तकलीफ? कायबी न्हाई. जणू बाळंत तोच झाला होता. विजयश्री भिंतीवरचं बाळाचं चित्र बघत राहिली.

सातव्या महिन्यात ती एकटी गेली. स्नेहाला अंगणवाडीत सोडलं, सासूला इंजेक्शनचं सांगितलं आणि बिदरची बस धरली. डॉक्टरणीसमोर बसल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरुवात केल्यावर सगळंच सांगितलं. स्टुलावरची बाई, घागर, म्हशी, वास. डॉक्टरणीनं मधे तोंड घातलं नाही. मग तिला टेबलावर घेऊन नीट तपासलं, तपासताना आधी सांगितलं की आता हात लावते, आता जरा थंड लागेल. असं आधी सांगून हात लावायची पद्धत असते हे विजयश्रीला तिशीच्या उंबऱ्यावर कळलं.

डॉक्टरीण कन्नडमिश्रित हिंदीत बोलायची, पण समजेल असं. तिनं काही लपवलं नाही. नॉर्मल होऊ शकतं, म्हणाली. अंग अजून खाली येईल, कदाचित नाही येणार. सिझर केलं तर त्या जागेवर जोर पडणार नाही, पण जे आधी सैल झालंय ते सिझरनं घट्ट होत नाही, आणि पोटावर टाका येतो तो येतोच. हमी इकडंही नाही, तिकडंही नाही. बाळंतपणानंतर आत बसवायचं रबराचं कडं मिळतं, व्यायाम आहेत, नंतर लागलंच तर ऑपरेशन. पिशवी काढायची घाई कुणी केली तर माझ्याकडं ये. एवढं बोलून ती म्हणाली, "अब तुमकू क्या होना, वो बोलो."

तुला काय पाहिजे. विजयश्रीनं उलट विचारलं, "नॉर्मलच्या वक्त आप रहते क्या?"

डॉक्टरीण प्रामाणिक होती. म्हणाली, असले तर असेन. कळा काही मला विचारून येत नाहीत. नसले तर ड्यूटीवर जी असेल ती.

जी असेल ती. विजयश्रीच्या गळ्यावर परत घाम ठिबकल्यासारखं झालं. सिझरला तारीख असते. त्या तारखेला ही बाई असते. आधी सांगून हात लावणारी. बसमधे बसेपर्यंत तिचं ठरलं होतं. राहिलं होतं ते एवढंच की दुसरं बाळंतपण सासरचं, त्यामुळं सिझर कशाला हे सासरला सांगावं लागणार, आणि सांगितलं की माहेराचं भांडं फुटणार. धाकटी बहीण एव्हाना उजवली होती हीच काय ती सोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात तुरी निवडायला बायका जमल्या होत्या. राजूबाई, थोरली चुलतसासू आणि शेजारची गंगव्वा. गंगव्वा म्हातारी, पूर्वी गावातली बाळंतपणं घरीच करायची. विजयश्रीनं सासूला आतल्या खोलीत बोलवलं आणि खालमानेनं, थांबत थांबत सगळं सांगितलं. आता ही माझ्या आईचा उद्धार करणार, म्हणून तिनं कान घट्ट करून ठेवले होते.

राजूबाईनं ऐकून घेतलं आणि दारातून हाक मारली, "गंगव्वा, अक्का, या गं जरा हिकडं. हिचं अंग आलंय म्हनं."

जशी काही घरी नवीन कालवड आली. दोघी हातातल्या तुरी झटकत आल्या. दार लोटलं.

"दाखव बगू," चुलतसासू म्हणाली.

"आत्या, कशाला..." विजयश्री सासूला म्हणाली.

"अगं आमच्याम्होरं कसली लाज?" चुलतसासूच म्हणाली. "बस उकिडवी. साडी वर घे. कुथ."

ती बसली. का बसली हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. मोठ्यांनी सांगितलं की बसायचं, ही सवय हाडात मुरलेली असते. सातव्या महिन्याचं पोट मांड्यांवर घेऊन ती तिघींसमोर उकिडवी बसली. तिघी गुडघ्यावर हात टेकून वाकल्या. तुरीचा फोल चुलतसासूच्या भुवईला चिकटला होता, तो विजयश्रीला अगदी जवळून दिसला.

"कुथ की गं. जोरात."

ती कुथली. आत वर बसलेलं ते जरासं खाली डोकावलं.

"एवढंसंच?" चुलतसासूचा हिरमोडच झाला. "हे लिंबाएवढं न्हाई. माझं पेरूएवढं हाय. दुसऱ्या पोरापासून."

"यव्वा, तुझं पेरू," गंगव्वा म्हणाली. "माझं तर चालताना दोन मांड्यांत यायचं. मी पदर खोचल्यासारखं आत खोचायची आन कापूस येचायची."

"माझं बी हायच की," राजूबाई म्हणाली. ती हे इतक्या सहज म्हणाली, जसं माझ्याकडं बी तसलं पातेलं आहे. "शिवराजच्या येळंपासनं."

आणि मग तिघींची स्पर्धा लागली. कुणाचं केवढं, कुणाचं कधीपासून, कुणाचं रस्त्यात निसटलं होतं, कुणाचं पावसाळ्यात जास्त येतं. हसत होत्या. बाजारात वांग्याचा भाव करावा तसं बोलत होत्या. गल्लीतल्या बायकांची नावं निघायला लागली. अमकीचं आहे, तमकीचं होतं, तिनं पिशवीच काढून टाकली, फलाणीचं तर काढूनही आलं. विजयश्री अजून उकिडवीच होती. कुणी तिला उठ म्हटलं नव्हतं.

तिच्या आईला कुणी एक शब्द लावला नाही. माहेराचं नावसुद्धा निघालं नाही. कसं निघणार? तक्रार करायला मुळात काही बिघडलं आहे असं ह्यांना वाटायला हवं. चार वर्षं तिनं ज्या अब्रूसाठी वास सहन केला, परकर लपवले, बसच्या खिडकीला चिकटून बसली, ती अब्रू कुणी मागितलीच नव्हती. ह्या तिघींना विचारलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी हसून सांगितलं असतं, बाईच्या जातीला हे असतंयच.

"मग सिझर कशाला?" चुलतसासूनं निकाल दिला. "आमी काय मेलाव का? पोट फाडून घेतलं की कंबर गेली, कामातनं बाई गेली."

"नारमलच व्हायला पायजे," गंगव्वा म्हणाली. "वाट झालेली हाय. सर्रकन येतंय दुसरं."

तिघींची अंगं गळालेली, आणि तिघींचं एकमत. ह्याच वाटेनं जा. आम्ही गेलो, बघ आमचं काय झालं, तूही जा. कुणालाही आपल्याच बोलण्यातलं हे दिसत नव्हतं. तेवढ्यात दाराच्या फटीतून स्नेहा डोकावली. अंगणवाडी सुटली होती. गंगव्वानं तिला बघितलं आणि लाडानं म्हणाली, "ये, ये. बगून ठेव. उद्या तुला बी हेच हाय."

तिघी खळखळून हसल्या. स्नेहाही हसली, मोठी माणसं हसली म्हणून.

विजयश्री उठली. साडी सोडली, पोरीला बखोट धरून बाहेर काढलं आणि मोरीत जाऊन भडभडून ओकली. मागं तिघी म्हणत होत्या, सातव्यात बी ओकायलीय, पोरगा हाय बहुतेक.

बायका गेल्यावर राजूबाई तिच्याजवळ आली. खरं सांगायचं तर ती वाईट बाई नव्हती. सुनेला तिनं कधी उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही. हातात तिनं एक डबा आणला होता. त्यात जुन्या मऊ लुगड्याच्या चिंध्यांचे बोळे होते, गच्च वळून दोऱ्यानं बांधलेले, एक दोरा बाहेर लोंबत सोडलेला.

"तुरटीच्या पान्यात बुडवायचं, वरनं एरंडेल लावायचं," ती शिकवायला लागली. "सकाळी आत सारायचा. निजताना दोरा वढून काडायचा, धुवायचा, चुलीमागं वाळू घालायचा. दिसभर अंग खाली येत न्हाई. मला माज्या सासूनं दिलंतं. तुला पयलंच सांगाय पायजे होतं बग, पन तू बोलली न्हाईस."

ती मायेनं देत होती. सासूनं सुनेला पाटल्या द्याव्या तशी. हेच सगळ्यात वाईट होतं. शिवराज आता चौतिशीचा, म्हणजे चौतीस वर्षं ही बाई आत चिंधी कोंबून भांगलायला गेली, लग्नांना गेली, गाणगापूरला जाऊन पालखीच्या गर्दीत उभी राहिली. विजयश्रीनं डबा घेतला नाही. घेतला नाही म्हणून राजूबाईला वाईट वाटलं. तिनं तो सुनेच्या ट्रंकेवर ठेवून दिला.

शिवराज संध्याकाळी दुकानातून आला तेव्हा आईनं त्याच्या कानावर घातलं होतं. काय घातलं असेल ते असो, बाई मुलाला ह्यातलं सांगते तेव्हा अर्ध्या शब्दांत सांगते. पाय धुऊन तो आत आला आणि खाटेवर बसला.

"आईचं बी हाय म्हनं," तो म्हणाला. "तिनं कवा दवाखाना केला? आन तिनं तुला काय तरी बोळा दिलाय म्हनं. त्यानं भागतंय की. पोट फाडून कामून घेतीस?"

आईचं बी हाय. म्हणजे त्याला आईबद्दल काही वाटलं नाही का, एवढं चौतीस वर्षांचं ऐकून? वाटलं. आराम वाटला. बायकोचं दुखणं आपल्या डोक्यावरून उतरून घराण्याच्या खात्यावर गेल्याचा आराम. तो पाय हलवत बसला होता. विजयश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बोळा बघितलाव का तुमी?" तिनं विचारलं.

"मी काय करू बघून?"

ती स्वयंपाकघरात गेली. चुलीमागं, लाकडांच्या आड, राजूबाईचा कालचा धुतलेला बोळा वाळत होता. अजून दमट होता, तपकिरी पडलेला, आणि एरंडेल, तुरटी, जुनं रक्त आणि बाईचं अंग ह्या सगळ्यांचा मिळून एक वास त्याला होता. तिनं तो उचलला, शिवराजसमोर गेली, त्याचा हात धरला आणि तळहातावर ठेवला.

"हा घ्या. ह्यानं भागतंय."

"काय हाय हे?" त्यानं नाकाजवळ नेऊन बघितलं.

"बोळा. तुमच्या आईचा. रोज सकाळी आत कोंबती, रातच्याला काढती."

त्यानं तो फेकला. नुसता फेकला नाही, हातावर पाल पडावी तसा झटकला. बोळा दारातून अंगणात जाऊन पडला. शिवराज नळावर धावला. साबण लावला, धुतला, हुंगला, परत लावला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. तोंडानं "श्शी, श्शी" चाललं होतं. दोनदा थुंकला.

राजूबाई अंगणातच होती, शेळीला पाला टाकत. तिच्या पायाजवळ बोळा पडला. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग नळावर हात घासत असलेल्या मुलाकडं. ती वाकली, बोळा उचलला, त्याला लागलेली माती फुंकून काढली आणि पदराखाली घेतला.

विजयश्रीला वाटलं होतं की आता आपल्याला बरं वाटेल. वाटलं नाही. नवऱ्याला चटका द्यायला तिनं सासूची चिंधी वापरली होती आणि चटका सासूला बसला होता. तिला आता त्या घरात स्वतःसकट कुणीच नको झालं होतं.

"शिवराज," राजूबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ती म्हनंल तसं कर. सिझर म्हनंल तर सिझर."

"बरं, बरं," तो नळावरूनच म्हणाला. अजून साबण चालूच होता.

जेवायची वेळ झाली. रोज राजूबाई मुलाला वाढायची, सुनेला त्यात हात घालू द्यायची नाही. त्या दिवशीही भाकरी तिनंच थापल्या होत्या. ताट मांडलं, दोन भाकरी, पिठलं, तेलात परतलेली मिरची. आणि रोजच्यासारखी समोर बसली. शिवराजनं भाकरीचा तुकडा मोडला. तो तोंडापर्यंत नेला आणि थांबला. तुकड्याकडं बघितलं, मग आईच्या हातांकडं. तुकडा ताटात ठेवला, पाणी प्याला आणि म्हणाला, "आज भूक न्हाई."

राजूबाईनं ते ताट आपल्याकडं ओढलं.

"तू त्यातनंच आलास बाबा," ती म्हणाली, आणि त्यानं मोडलेला तुकडा पिठल्यात बुडवून खायला लागली.

शिवराजचे कान लाल झाले. त्याला उठताही येईना, बसताही येईना. शेवटी तो विजयश्रीला म्हणाला, "दवाखान्यात कवा जायचं, तारीख घ्याय?"

"सोमवारी," ती म्हणाली. "मी आन आत्या जाताव. त्यांचं बी दाखवायचंय. तुमी दुकान बघा."

राजूबाईनं चमकून वर बघितलं, नाही म्हणाली नाही. विजयश्रीनं टोपल्यातली भाकर घेतली, सासूशेजारी भिंतीला टेकून बसली आणि जेवायला लागली.